ज्येष्ठ मिशनरी जोडप्याचा परदेशातला आठवडा: हिशेबाची वही, खोल्यांची पाहणी आणि मोकळा सोमवार

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, वय 66. सासूबाई निवृत्त परिचारिका, वय 62. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, दोघांना येत्या जूनपासून अठरा महिन्यांसाठी केनियात नैरोबीला ज्येष्ठ मिशनरी म्हणून पाठवायचं ठरवलंय. तिथला आठवडा नेमका कसा असतो? या वयात जमेल का त्यांना? मागे घराचं आम्ही काय काय बघायचं?"

सलाम ताई.

जमेल. अट एकच, पहिल्या महिन्यात सातही दिवस भरून टाकायचे नाहीत. ज्येष्ठ जोडपी मुदतीआधी परत येतात ती बहुतेक वेळा थकून, कंबर धरून, किंवा दोघांपैकी एकाला करण्यासारखं काहीच न उरल्यामुळे. पहिले सहा आठवडे आठवड्याला तीस तासांच्या वर काम अंगावर घेऊ नये, नंतर पस्तीस-चाळीसपर्यंत जावं. तिथे पोचल्या पोचल्या जो तो काम सांगायला लागतो आणि नवा माणूस संकोचाने हो म्हणत जातो. तेव्हा हा आकडा इथूनच ठरवून जायचा आणि तिथल्या प्रमुखाला पहिल्याच भेटीत सांगायचा.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे अजून चौकात उभं राहून उपदेश करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने 1820 साली काम सुरू केलं, तेव्हापासूनचं ते चित्र आहे. ज्येष्ठ जोडप्याच्या आठवड्यात मात्र उपदेशाचा वाटा सगळ्यांत लहान. त्यांच्याकडे येतं ते कार्यालयाच्या हिशेबाचं काम, तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांची पाहणी, आजाऱ्याजवळ बसणं, इंग्रजीचा किंवा हिशेबाचा वर्ग, कुणाला दवाखान्यात नेणं-आणणं. लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीत अशा जोडप्यांची रीत लिहून ठरलेली आहे: मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिने, खर्च स्वतःचा, आणि तरुणांचं पहाटेपासूनचं कडक वेळापत्रक ज्येष्ठांना लागू नाही. इतर मंडळ्यांत तपशील बदलतो, पण वयाप्रमाणे वेळापत्रक सैल असावं हे सगळीकडे मानतात. सासऱ्यांच्या नेमणूकपत्रात हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

परवान्याचं निघण्याआधीच पक्कं करा. जानेवारी 2024 पासून केनियाने पर्यटकांसाठी व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवासपरवानगी सुरू केली. ती सहज मिळते, म्हणून काही जण तिच्यावरच जातात आणि "तिथे गेल्यावर बघू" म्हणतात. त्या परवानगीवर धर्मकार्य किंवा सेवाकार्य करता येत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तिथे 'क्लास आय' नावाचा वेगळा परवाना असतो आणि तो पाठवणाऱ्या संस्थेने काढायचा असतो. त्यासाठी पोलिसांचा ना हरकत दाखला लागला, तर अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रातून होतो.

आता आठवडा. सोमवारपासून सुरुवात करू, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे.

रविवारी सगळ्यांत जास्त धावपळ असते, म्हणून बहुतेक मिशनांत सोमवार हा तयारीचा दिवस. धुणं, बाजार, स्वयंपाकाची तजवीज, घरी पत्र आणि दुपारी झोप. या दिवशी संस्थेचा फोन घ्यायचा, पण बैठक घ्यायची नाही. एक सोमवार गेला की माणूस म्हणतो, पुढच्या आठवड्यात भरून काढू. तसं कधी होत नाही. लागोपाठ तीन सोमवार गेले की रक्तदाब वाढतो, गोळ्या चुकतात, दोघांत चिडचिड सुरू होते.

सोमवारच्या कामात पाणी पहिलं. नैरोबीच्या बऱ्याच भागांत नळाला ठरलेल्या दिवशीच पाणी येतं, हे बेळगावकरांना नवीन नाही. तिथे वीस लिटरचे पिवळे कॅन सर्रास वापरतात. भरलेला कॅन म्हणजे वीस किलो, आणि साठीनंतरची कंबर धरते ती इथेच. कॅन अर्धाच भरायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, किंवा इमारतीच्या राखणदाराला थोडे पैसे देऊन चढवून घ्यायचा. पिण्याचं पाणी खळखळून उकळल्यावर आणखी एक मिनिट आचेवर ठेवायचं. गाळणीची कँडल आठवड्याला मऊ ब्रशने घासायची. साबण लावायचा नाही, तो कँडलच्या छिद्रांत राहतो.

स्वयंपाकात उंचीचा फरक जाणवतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण 94 अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही, राजमा तर तास तास तसाच राहतो, आणि नवा माणूस डाळीला दोष देतो. इथला कुकर घेऊन जावा, सोबत दोन गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचा. विजेचा दाब आपल्यासारखाच 240 व्होल्टच्या आसपास, त्यामुळे मिक्सर चालतो. प्लग मात्र तीन चौकोनी पिनांचा असतो, दोन अडॅप्टर इथूनच घ्या. ज्वारीला तिथे म्तामा म्हणतात, नाचणीला विंबी. तिथली ज्वारी बरेचदा तांबूस आणि जरा तुरट असते, भाकरी थापताना कडेने चिरते. पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढून मळलं की जमते. मक्याचं पांढरं पीठ हवं तेवढं मिळतं. तूरडाळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता यांसाठी पार्कलँड्स भागात गुजराती दुकानं आहेत, तेव्हा डाळींनी बॅग भरू नका. संकेश्वरी मिरचीचं तिखट तेवढं घरचं न्या, ते तिथे मिळत नाही.

सामान भरताना एक लक्षात ठेवा. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपण चपलांना एक, ओल्या टॉवेलला एक, औषधांना एक अशा पिशव्या कोंबत असतो. त्या सगळ्या काढून कापडी पिशव्या आणि स्टीलचे डबे वापरा.

मंगळवार कार्यालयाचा. सासरे मुख्याध्यापक होते म्हणजे त्यांच्याकडे किरकोळ खर्चाची वही येणार हे जवळजवळ ठरलेलं. इथे जरा थांबायला हवं, कारण बाहेरून आलेल्या माणसावरचा विश्वास सगळ्यांत आधी याच वहीत मोजला जातो.

केनियात बराचसा किरकोळ खर्च रोखीने होतच नाही. 2007 साली सुरू झालेल्या एम-पेसा या फोनवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे पैसे घेतात. साधा फोन चालतो, सिम पासपोर्ट दाखवून नोंदवावं लागतं. प्रत्येक व्यवहाराचा संदेश येतो. त्यात दहा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, वेळ, आकारलेलं शुल्क आणि शिल्लक असते. तो क्रमांक म्हणजेच पावती. फोन हरवला किंवा संदेश पुसला गेला की पावती गेली, म्हणून त्याच रात्री तो क्रमांक वहीत उतरवायचा. वहीला सहा रकाने हवेत: तारीख, कशासाठी, कुणाला, रक्कम, क्रमांक आणि शुल्क.

शुल्काचा रकाना वेगळा का, ते उदाहरणाने सांगतो. समजा, आठवड्याच्या सुरुवातीला शिल्लक 18,400 शिलिंग होती. कार्यालयाकडून 25,000 आले. वहीत खर्च 31,650 लिहिलाय. म्हणजे हातात 11,750 असायला हवेत. मोजले तर पेटीत 4,200 आणि एम-पेसावर 7,380, बेरीज 11,580. फरक 170. हे 170 कुणी घेतलेले नसतात. ती आठवडाभरातल्या व्यवहारांची शुल्कं असतात, दर वेळी थोडी थोडी कापलेली आणि कुठेच न लिहिलेली. भला माणूस असा फरक खिशातून भरून वही जुळवतो. तसं करू नका. एकदा खिशातून भरलं की वही खोटी झाली, आणि पुढे खरीच चूक झाली तर ती सापडणार नाही. फरक दिसला तर फरक म्हणूनच लिहायचा, कारण शोधायचं, सापडलं की शेजारी सही करून नोंदवायचं. मोजणी दर मंगळवारी सकाळी, दोघांनी मिळून. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. छापील पावत्यांची शाई उन्हात दोन-तीन महिन्यांत उडते, त्यांचा फोटो त्याच दिवशी घ्यावा.

एक फसवणूक तिथे फार चालते. संदेश येतो की तुमच्या खात्यात इतके पैसे जमा झाले, आणि लगेच फोन येतो, "चुकून पाठवले, कृपा करून परत करा." संदेश बनावट असतो. आधी खात्यातली शिल्लक स्वतः तपासायची. खरंच पैसे आले असले तरी आपण परत पाठवायचे नाहीत. पाठवणाऱ्याने कंपनीकडून व्यवहार उलटवून घ्यावा, असं नम्रपणे सांगायचं आणि फोन ठेवायचा.

बुधवारी घरभेटी. दिवसाला दोन, फार तर तीन, प्रत्येकी चाळीस मिनिटं. स्थानिक मंडळीतलं कुणी तरी बरोबर हवंच. चहा येतो, आपल्यासारखाच दूध-पाणी एकत्र उकळलेला, आणि साखर भरपूर. तीन घरांचा चहा म्हणजे मधुमेह्याची संध्याकाळ बिघडली. "चाय बिला सुकारी", बिनसाखरेचा चहा, हे तीन शब्द सासऱ्यांना विमानातच पाठ करू द्या. चहाला नाही म्हटलेलं लोकांच्या मनाला लागतं, साखरेला नाही म्हटलेलं लागत नाही.

भाषेचं भय नसावं. ज्याने आयुष्यभर घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत मोडकी हिंदी-इंग्रजी चालवलीय, त्याचा कान तयार असतो. ही बेळगावच्या माणसाची जमेची बाजू आहे आणि पुण्या-मुंबईच्या जोडप्यांपेक्षा इथली जोडपी स्वाहिलीत लवकर रुळतात, असं माझं ठाम मत आहे. त्यातून कितीतरी शब्द ओळखीचे निघतात: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, हेसाबू म्हणजे हिशेब, साबुनी म्हणजे साबण, वाकिली म्हणजे वकील, सेरिकाली म्हणजे सरकार. पण नात्यांचे शब्द फसवतात. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण, आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच. आपल्या सवयीने एखाद्या तरुणाला "दादा" म्हटलं तर आपण त्याला ताई म्हटलेलं असतं. सासऱ्यांना तिथे लोक "म्झे" म्हणतील. तो वडिलकीचा मान आहे, म्हातारा म्हणून हिणवणं नव्हे.

वेळेचा घोळ याहून महागात पडतो. स्वाहिलीत घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. "सा तातू" म्हणजे तिसरा तास, म्हणजे सकाळचे नऊ. नव्या माणसाला तातू म्हणजे तीन एवढंच माहीत असतं, तो दुपारी तीनला पोचतो आणि घरची मंडळी सकाळपासून वाट पाहून उठून गेलेली असतात. भेट ठरवताना वेळ इंग्रजीतही विचारून घ्यायची, आणि वहीत आपल्या घड्याळाप्रमाणे लिहायची.

गुरुवारी खोल्यांची पाहणी. तरुण मिशनरी दोघे-दोघे मिळून भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्या सुरक्षित आहेत की नाहीत हे बघणं ज्येष्ठ जोडप्याकडे असतं. झाडलोट, भांडी यांवर बोलण्यात वेळ घालवू नये. जिवाला धोका असलेल्या गोष्टी आधी. न्हाणीघरात तिथे सर्रास असा शॉवर असतो की पाणी तापवणारी तार शॉवरच्या तोंडातच बसवलेली असते. अर्थिंग जोडलेलं नसेल तर नळाला हात लावताच झटका बसतो. बघायचं काय, तर भिंतीतून आलेल्या तीन वायरींपैकी अर्थची वायर खरोखर जोडलीय का, जोडणीवर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे की नीट डबी बसवलीय, आणि न्हाणीघराबाहेर बंद करायचा स्वतंत्र स्विच आहे का. कमी-जास्त तापमानाचा खटका ओल्या हाताने, चालू शॉवरखाली कधीच फिरवायचा नाही. पाण्याची धार बारीक झाली की आतली तार जळते, म्हणून पाणी कमी असलेल्या दिवशी शॉवर बंदच ठेवायचा. काहीही संशय आला तर स्विच बंद, वर कागद चिकटवायचा, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बादलीने अंघोळ. यात मुलांच्या कुरकुरीला भीक घालू नये.

दुसरं, खिडक्यांच्या आणि दाराच्या जाळ्या. चोरांच्या भीतीने लोखंडी जाळीला आतून कुलूप लावतात आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. आग लागली तर बाहेर पडायला वाट नाही. किल्ली जाळीपासून हाताच्या अंतरावर, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, कायम. पाहणीच्या वेळी मुलांना डोळे मिटून ती शोधायला सांगा. तिसरं, गॅस. सिलिंडर तिथे 6 किंवा 13 किलोचे असतात. रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर गळती. काडी पेटवून बघणारे अजूनही भेटतात, त्यांना तिथेच थांबवायचं.

याच दिवशी कधी बाहेरगावी जावं लागतं. नैवाशा सुमारे 90 किलोमीटर, नाकुरू 160. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते. बेळगावच्या आरटीओतून फॉर्म 4-अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. मुदत अठरा महिन्यांची असल्याने शेवटचे सहा महिने त्यावर गाडी चालवता येणार नाही, तेव्हा तिथला परवाना वेळेत काढावा लागेल. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेसहाच्या सुमारास मावळतं, संधिप्रकाश जवळजवळ नसतो. नैवाशाकडे उतरणारा घाटरस्ता ट्रकांनी भरलेला असतो, सकाळी धुकं. उजाडल्यावर निघायचं आणि पाचच्या आत घरी. रात्री गाडी चालवायची नाही, कुणीही आग्रह केला तरी.

शुक्रवारी वर्ग. त्याबद्दल एवढंच की मुख्याध्यापकांनी तिथे दुसऱ्या बाकावर बसायची सवय करावी. वर्ग स्थानिक शिक्षकाचा, आपण मदतीला. ज्या दिवशी परतीचं विमान असेल त्या दिवशीही तो वर्ग भरला पाहिजे.

शनिवारी अंत्यविधी, लग्नं, आणि हराम्बे. हराम्बे म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्यासाठी वर्गणी काढायची तिथली जुनी प्रथा. परदेशी पाहुणा दिसला की त्याच्याकडून मोठ्या रकमेची अपेक्षा असते. एक माफक रक्कम ठरवून ठेवायची आणि प्रत्येक ठिकाणी तेवढीच द्यायची, ओळख बघून कमी-जास्त करायची नाही. वैयक्तिक मदतीच्या मागण्या जानेवारीत एकदम वाढतात, कारण तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि फीची तारीख डोक्यावर असते. मूल शाळेच्या दारातून परत पाठवलंय असं आईने सांगितलं की शिक्षकाच्या पोटात तुटतं, यात नवल नाही. तरी खिशातून द्यायचं नाही. स्थानिक मंडळीच्या पाळकांकडे (पास्टरकडे) नाव द्यायचं, तिथल्या समितीने ठरवायचं. कारण साधं आहे. पाहुणा अठरा महिन्यांनी जातो. त्याने सुरू केलेली फी तिसऱ्या सत्रात कोण भरणार? आणि एका घराला मिळाली की शेजारच्या चार घरांशी असलेलं नातं त्याच दिवशी बदलतं. फार वाटलंच तर समितीच्या निधीत नाव न सांगता द्यावं.

रविवारी उपासना लांबते, कधी तीन तास, गाणी भरपूर. सासूबाईंनी एखादं मराठी गीत म्हणायची तयारी ठेवावी, आग्रह होतोच. संध्याकाळी साडेपाचला तिथून घरी फोन. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे बेळगावात तेव्हा आठ वाजलेले असतात, मुलंबाळं घरात असतात. रोज फोन करू नका ताई. रोजच्या फोनात तुमच्या घरातली प्रत्येक शिंक तिथे पोचते आणि त्यांचं मन इथेच राहतं. रविवारी तासभर आणि मधे एकदा छोटा, पुरे.

आता सासूबाईंचं. जोडप्याची नेमणूक बहुतेक नवऱ्याच्या कामाभोवती होते आणि बायको सावलीसारखी मागून फिरते. तीन महिन्यांत ती घरात बसून कंटाळते, आणि परत जाऊ या हे शब्द आधी तिच्या तोंडून निघतात. तिचं वेगळं काम नेमणूकपत्रात नावानिशी असायला हवं. पण त्या परिचारिका आहेत, म्हणून इथे एक धोका आहे. ही बातमी आठवड्यात पसरते आणि दारात रांग लागते. केनियात नोंदणी नसताना सुई देणं, गोळी देणं, जखमेला टाके घालणं बेकायदा आहे, आणि काही बिघडलं तर त्याची झळ संस्थेपर्यंत जाते. इथून नेलेल्या क्रोसिनची एक पट्टीही वाटू नये. संस्थेची परवानगी असेल तर रक्तदाब मोजून आकडा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि दवाखान्याची वाट दाखवावी. त्यांचा अनुभव याहून चांगला उपयोगी पडतो तो तरुण मिशनऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी ठेवण्यात: कुणाला कधी ताप आला, चाचणी केली का, गोळ्यांचा कोर्स पुरा केला का. वीस-बावीस वर्षांची पोरं तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. त्यांना दटावायला आईसारखं माणूस लागतं. शिवाय दवाखान्यात कुणाबरोबर तरी चार तास बसून राहणं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घेणं. याला सेवा म्हणतात, आणि ती सासूबाई उत्तम करतील.

दोघांच्या तब्येतीचं. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सगळ्यांत आधी बघा. केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे या लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि एकदा घेतलं की जन्मभर चालतं. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाचा धोका जास्त असतो. हे दोघेही साठीपुढचे आहेत. तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांशी सगळी औषधं आणि जुने आजार घेऊन बसायचं, मग सरकारमान्य केंद्रावर जायचं. असं एक केंद्र गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात आहे, बंगळूरपेक्षा तुम्हाला जवळ. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर तसं लेखी घ्या, पण त्यावर विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका.

मलेरियाचा धोका नैरोबीत कमी, पण किसुमूकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आणि समुद्रकाठी भरपूर. तिकडे जायचं ठरलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्तचाचणी. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. त्यातल्या निम्म्या हातातल्या बॅगेत. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे ऊन अशा समजुतीने लोक सुती कपडे भरतात. जून-जुलै हा नैरोबीचा सर्वांत थंड काळ, रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो आणि दिवसभर ढग. तुमची मंडळी नेमकी जूनमध्येच उतरणार. प्रत्येकी दोन स्वेटर, एक शाल, पायमोजे. पहिल्या आठवड्यात जिना चढताना धाप लागेल, ती उंचीची. छातीत दुखलं तर मात्र उंची म्हणून सोडून देऊ नये.

मागच्या घराचं बघायचं तर सगळ्यांत आधी फोनचं सिम. बँक, आधार, पेन्शन सगळं त्या एका नंबरला जोडलेलं असतं. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही, आणि मग परदेशातून काहीच हलत नाही. नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून जायचं, आणि रिचार्जची तारीख तुमच्या कॅलेंडरात. पेन्शनसाठी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला त्यांच्या मुदतीत दोनदा येणार, जूनला निघाले तर पहिला पाचव्या-सहाव्याच महिन्यात. तो नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून घेता येतो. बँकेला नमुना कसा हवा हे निघण्याआधी विचारून कोरा फॉर्म सोबत द्या. मुखत्यारपत्र तुमच्या नवऱ्याच्या नावे करून घ्या, पण कशाकशासाठी ते नेमकं लिहा: हेस्कॉमचं विजेचं बिल, घरपट्टी, ऊस गेला असेल तर त्याचं बिल, शेताच्या उताऱ्याची कामं. जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. घर कौलारू असेल तर मे महिन्यातच कौलं चाळून घ्या. जूनमध्ये निघायच्या गडबडीत ते राहतं, आणि बेळगावचा पाऊस वाट बघत नाही.

एक अवघड बोलणं निघण्याआधी सगळ्यांनी बसून करायचं. घरात कुणी फार वृद्ध किंवा आजारी असेल आणि अठरा महिन्यांत काही झालं, तर दोघांनी परत यायचं का, एकाने यायचं का, की तिथूनच प्रार्थना करायची? संस्थेचा नियम काय, तिकिटाचा खर्च कुणाचा? हे त्या रात्री फोनवर ठरवायला लागलं की भावाभावांत कायमची कटुता येते. निर्णय कागदावर लिहा आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाही, त्यांची शुद्ध चांगली असेल तर, विचारा. म्हातारी माणसं याबाबतीत आपल्यापेक्षा स्पष्ट असतात.

शेवटचे दोन आठवडे नवीन काही हातात घ्यायचं नाही. वही पुढच्या माणसासमोर मोजून द्यायची, दोघांच्या सह्या. खोल्यांच्या पाहणीच्या नोंदीत कुठला शॉवर बंद ठेवलाय ते लाल अक्षरात. एम-पेसावरची संस्थेची शिल्लक शून्य करायची आणि त्या व्यवहाराचा क्रमांक शेवटच्या ओळीत लिहायचा. घरमालकाकडे ठेवलेली अनामत परत घ्यायला महिना लागतो, तेव्हा ते पत्र महिनाभर आधी. पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टच्या आतच रबराने बांधून ठेवावं, चेक-इनच्या बॅगेत गेलं तर मुंबईत उतरल्यावर ते दाखवायला मिळत नाही. आणि परत आल्यावर काही महिन्यांत कधीही थंडी वाजून ताप आला, तर बेळगावच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की आम्ही केनियाहून आलोय.